गाठीत पेशी जमल्यात, पण त्या करतायत काय?

पत्र आलंय एका भाच्याचं, नाव देत नाही. थोडक्यात असं आहे:

"ताई, माझे मामा, वय ५८, जिभेच्या कडेला कॅन्सर निघाला. तंबाखू बरीच वर्षं होती. महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं, जिभेचा थोडा भाग आणि मानेच्या एका बाजूच्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या, आता रेडिएशन सुरू व्हायचंय. रिपोर्ट मीच वाचतो, घरात बाकी कोणाला ते जमत नाही. त्यात लिहिलंय की ट्यूमरभोवती लिम्फोसाइट दाट जमलेत, आणि पीडी-एल१ चा सीपीएस १५ आहे. लिम्फोसाइट म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशीच ना? मग त्या तिथे होत्या तर कॅन्सर झालाच कसा? मामी म्हणते, यांची इम्युनिटी कमी पडली, माझंच लक्ष कमी पडलं. नातेवाइकांनी इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या आणि पावडरींचा ढीग आणून ठेवलाय, देऊ का? शिवाय रक्ताच्या रिपोर्टवरून मी न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो काढला, तो ५ आला, नेटवर वाचलं तेव्हापासून झोप नाही. मानेतल्या गाठी काढल्या म्हणजे प्रतिकारशक्तीच काढून टाकली का? आणि इम्युनोथेरपी सगळीकडे ऐकतो, ती मामांना का देत नाहीत?"

नमस्कार,

आधी एक सांगते, मी पेशंट बघणारी डॉक्टर नाही, माझं काम लॅबमधलं, ट्यूमरच्या पातळ कापांवर रंग चढवून कुठली पेशी कुठे बसलीय हे बघायचं. त्यामुळे मामांना काय द्यायचं ते त्यांचे ऑन्कॉलॉजिस्टच ठरवणार, मी फक्त तुमच्या हातातला कागद काय म्हणतोय ते सांगू शकते. आणि खरं सांगू का, तुमचा दुसरा प्रश्न, पेशी होत्या तर कॅन्सर झालाच कसा, हाच प्रश्न घेऊन माझ्यासारखी कितीतरी माणसं रोज सकाळी लॅबचं दार उघडतात.

आपण सगळे लहानपणापासून ऐकतो की पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक. मला हे उदाहरण आता नकोसं झालंय, कारण ते ऐकलं की माणसाला वाटतं सैनिक वाढवले की लढाई जिंकली, आणि तिथूनच त्या पावडरी घरात येतात. मी तुम्हाला दुसरं चित्र देते, जखमेचं. तोंडात आपल्याला रोज काही ना काही लागत असतं, जीभ चावली जाते, दाताची कड घासते, गरम काही पोळतं, आणि ते दोनतीन दिवसांत भरूनही येतं, कारण तिथे पेशींची एक टोळी कायम तयार असते. आधी न्यूट्रोफिल येतात, जंतू मारतात, मग मॅक्रोफेज येतात, मेलेला कचरा खातात, आणि कचरा संपला की तेच मॅक्रोफेज आपला स्वभाव बदलून दुरुस्तीला लागतात, नवीन रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून रसायनं सोडतात, आजूबाजूच्या पेशींना वाढा म्हणतात, आणि मारामारी करणाऱ्या पेशींना आता पुरे म्हणतात. जखम भरली की सगळे आपापल्या घरी.

१९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक नावाच्या पॅथॉलॉजिस्टने लिहून ठेवलं की ट्यूमर म्हणजे कधीच न भरणारी जखम. मला विचाराल तर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला हे जितकं लागू पडतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. गाठ आपल्या भोवती सतत जखमेचे सिग्नल सोडत राहते, पेशी धावत येतात, बघतात तर जखम, मग त्या आपलं नेहमीचं काम करतात. म्हणजे दुरुस्ती. रक्तवाहिन्या वाढवतात, गाठीला खायला मिळतं. मारामारी शांत करतात, गाठीला संरक्षण मिळतं. यात कोणी फितूर झालेलं नाही आणि कोणी कमजोरही नाही, पेशी त्यांना नेमून दिलेलंच काम मन लावून करतायत, फक्त चुकीच्या जागी. म्हणून रिपोर्टमध्ये पेशी दाट जमल्यात एवढं वाचून काहीच कळत नाही, त्या कोण आहेत आणि करतायत काय हे बघावं लागतं.

कोण कोण असतं तिथे? तुमच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट म्हटलंय, म्हणजे मुख्यतः टी पेशी, थोड्या बी पेशी, थोड्या एनके, म्हणजे नॅचरल किलर पेशी. साध्या रंगात या सगळ्या गोल गडद ठिपक्यांसारख्या दिसतात, एकमेकींपासून ओळखू येत नाहीत, त्यासाठी वेगळे रंग लावायला लागतात जे रोजच्या रिपोर्टसाठी कोणी लावत नाही. यातल्या सीडी८ टी पेशी म्हणजे थेट मारणाऱ्या. त्या समोरच्या पेशीला चिकटतात, तिच्यात छिद्र पाडतात आणि आत एन्झाइम सोडतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये (जिभेचा, तोंडाचा, घशाचा यातच येतो) या सीडी८ पेशी गाठीच्या आतपर्यंत पोचलेल्या असतील तर अशा पेशंटांचं पुढचं सरासरीने बरं जातं, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. म्हणजे दाट लिम्फोसाइट ही ओळ वाचून तुम्ही घाबरलात, पण दोन रिपोर्ट शेजारी ठेवून एक निवड म्हटलं तर मी लिम्फोसाइट भरपूर असलेला उचलेन, ओसाड असलेला नाही. फक्त आतपर्यंत हा शब्द महत्त्वाचा. कधीकधी पेशी गाठीच्या कडेला गराडा घालून उभ्या असतात पण आत शिरत नाहीत, मध्ये तंतूंची भिंत असते, आणि कापाकडे बघताना मला दर वेळी बंद दारापुढची गर्दी आठवते.

आता आत शिरलेल्यासुद्धा मारत का नाहीत? कारण दमतात. टी पेशीला शत्रू सतत, महिनोन्महिने समोर दिसत राहिला की तिच्या अंगावर पीडी-१ नावाचं एक बटण वाढत जातं, ब्रेकचं. हे बटण निसर्गाने उगाच दिलेलं नाही, साधं इन्फेक्शन बरं झाल्यावर लढाई थांबली नाही तर आपल्याच पेशी आपलंच शरीर खातील, म्हणून ते आहे. आणि कॅन्सरच्या पेशी त्यांच्या अंगावर पीडी-एल१ चढवतात, जे बरोबर त्या बटणावर बसतं. टी पेशी येते, चिकटते, आणि थंड पडते. गंमत म्हणजे पीडी-एल१ वाढायचं एक मोठं कारण टी पेशीच आहेत, त्या हल्ला करताना इंटरफेरॉन गॅमा सोडतात, त्याचा वास लागला की गाठ ढाल वर करते. म्हणजे तुमच्या त्या रिपोर्टमधला १५ हा आकडा एका अर्थाने तिथे झटापट झालीय याची खूण आहे.

त्या आकड्याचंच बोलू. सीपीएस म्हणजे पीडी-एल१ चा रंग चढलेल्या सगळ्या पेशी मोजायच्या, कॅन्सरच्या पण आणि लिम्फोसाइट, मॅक्रोफेज पण, आणि त्या संख्येला जिवंत कॅन्सर पेशींच्या संख्येने भागून शंभराने गुणायचं. म्हणजे १५ याचा अर्थ १५ टक्के कॅन्सर उरलाय किंवा १५ टक्के चान्स आहे असलं काहीही नाही, लोक असं समजतात म्हणून मुद्दाम लिहितेय. औषध ठरवताना डॉक्टर बघतात तो एकच्या वर आहे का आणि वीसच्या वर आहे का. ते औषधाचं पुढे येतेच.

मारणाऱ्यांशिवाय दुसऱ्याही असतात. रेग्युलेटरी टी पेशी, लॅबमध्ये आम्ही टी-रेग म्हणतो, यांचं काम बाकीच्यांना आवरणं. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी त्या दाखवून दिल्या तेव्हा अशी काही पेशी असते यावरच लोकांचा विश्वास नव्हता, २०२५ मध्ये त्यांना मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. टी-रेग डोक्या-मानेच्या गाठींत भरपूर असतात. सरळ हिशोबाने टी-रेग जास्त म्हणजे वाईट व्हायला हवं, बऱ्याच कॅन्सरमध्ये तसं दिसतंही, पण इथे कितीतरी अभ्यासांत उलटं आलं, टी-रेग जास्त असलेल्यांचं पुढचं बरं गेलं. बहुधा टी-रेग तिथेच जास्त येतात जिथे मारणाऱ्याही जास्त आल्यात. मी हे एवढ्यासाठी सांगतेय की नेटवर चांगली पेशी, वाईट पेशी अशी यादी वाचून मामांच्या रिपोर्टला मार्क देत बसू नका, आम्हालाच अजून देता येत नाहीत.

मग मायलॉइड, म्हणजे न्यूट्रोफिल-मॅक्रोफेजच्या गटातल्या काही अर्धवट वाढलेल्या पेशी असतात, त्या आर्जिनेज नावाचं एन्झाइम सोडून आजूबाजूचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतात आणि त्याविना टी पेशी वाढू शकत नाही, समोर वाढलेलं ताट ओढून घेतल्यासारखं. एनके पेशी वेगळ्या, त्यांना आधी शिकवावं लागत नाही. टी पेशीच्या नजरेतून सुटायला कॅन्सर पेशी कधीकधी आपलं ओळखपत्रच, म्हणजे एचएलए, फेकून देते, आणि एनके नेमकं तेच बघते की ओळखपत्र नसलेला कोण आहे. सेटक्सिमॅब हे डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये २००६ पासून वापरात असलेलं अँटिबॉडी औषध, ते कॅन्सर पेशीच्या ईजीएफआर या वाढीचा सिग्नल घेणाऱ्या प्रथिनावर बसून तो सिग्नल तोडतं हे तर आहेच, पण त्याची शेपटी एनकेला पकडायला मिळते, तोही त्याच्या कामाचा भाग धरतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, झालाच कसा. हे बघा, प्रतिकारशक्ती काहीच करत नसती तर काय झालं असतं ते आपल्याला माहीत आहे. किडनी ट्रान्सप्लांटनंतर ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात त्यांच्यात ओठाचा कॅन्सर इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त दिसतो, एचआयव्ही असलेल्यांतही डोक्या-मानेचे कॅन्सर जास्त. २००१ मध्ये रॉबर्ट श्रायबर यांच्या लॅबने उंदरांत दाखवलं की ज्यांच्यात लिम्फोसाइटच नाहीत त्यांना ट्यूमर जास्त होतात, आणि त्यातून दुसरी एक गोष्ट बाहेर आली जी मला जास्त विचार करायला लावते, की निरोगी उंदरात वाढलेला ट्यूमर हा आधीच चाळून निघालेला असतो. सोप्या पेशी मारल्या जातात, उरतात त्या लपायला शिकलेल्या. मामांच्या जिभेवर तंबाखूने वर्षानुवर्षं डीएनए खराब केला, त्यातल्या किती बिघडलेल्या पेशी त्यांच्या प्रतिकारशक्तीने गुपचूप निपटल्या असतील याचा हिशोब कोणाकडे नाही, आपल्याला दिसते ती फक्त निसटलेली एक. तेव्हा मामीला सांगा की इम्युनिटी कमी पडली हे वाक्यच बरोबर नाही, आणि त्यांच्या लक्ष देण्या-न देण्याचा यात काही संबंध नाही.

इथे एक फरक सांगून पुढे जाते कारण तुम्ही वाचत असाल तर गोंधळ होईल. घशाचे, म्हणजे टॉन्सिलचे आणि जिभेच्या मुळाचे काही कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतात, बहुतेक वेळा टाइप १६. तिथे प्रतिकारशक्तीला सोपं जातं, कारण विषाणूची प्रथिनं सरळसरळ परकी, आणि त्या गाठींत टी आणि बी पेशींची दाटी जास्त असते, बी पेशींचे तर छोटे छोटे अड्डेच तयार झालेले दिसतात, लिम्फ नोडची छोटी आवृत्तीच जणू. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात घशाच्या कॅन्सरच्या पेशंटांत तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण एचपीव्ही असलेल्यांत ८२.४ टक्के आणि नसलेल्यांत ५७.१ टक्के होतं. पण मामांचा जिभेच्या पुढच्या भागातला, कडेचा, तंबाखूचा आहे, तिथे एचपीव्हीचा हात फार क्वचित, तेव्हा घशाचे हे आकडे त्यांना लावू नका.

बरं, त्या पावडरी.

देऊ नका. मला माहितीय की घरात आणलेल्या गोष्टीला नाही म्हणणं म्हणजे आणणाऱ्याला नाही म्हणणं होतं, पण कारण ऐका. इम्युनिटी वाढवायची म्हणजे नक्की कोणाची? टी-रेगची पण वाढेल, दुरुस्तीवाल्या मॅक्रोफेजची पण वाढेल, आणि अडचण तर संख्येची नव्हतीच. दुसरं म्हणजे अशा डब्यांत बहुतेक वेळा अँटिऑक्सिडंट असतात, आणि रेडिएशनचं बरंचसं काम ऑक्सिजनच्या मारक कणांवर चालतं. हे नुसतं तर्काने म्हणत नाहीये. कॅनडात क्वेबेकमध्ये नेमका हाच प्रयोग नेमक्या याच पेशंटांवर झालाय, डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणारे ५४० जण, निम्म्यांना व्हिटॅमिन ई आणि सुरुवातीला बीटा कॅरोटीनही, निम्म्यांना खोट्या गोळ्या, निकाल २००५ मध्ये आले. रेडिएशनचा त्रास गोळी घेणाऱ्यांना थोडा कमी झाला हे खरं, पण गोळ्या चालू असेपर्यंत त्यांच्यात दुसरे नवीन कॅन्सर जास्त निघाले आणि आधीचा उलटण्याचंही प्रमाण वरच्या बाजूला राहिलं. व्हिटॅमिन ई! यापेक्षा निरुपद्रवी वाटणारी गोष्ट सांगा बरं. तेव्हा तो ढीग पिशवीत भरून एकदा डॉक्टरांसमोर ठेवा, त्यातलं एखादं कमी पडलंय म्हणून द्यायलाच हवं असेल तर ते स्वतः सांगतील, बाकीचं त्यांच्या तोंडून नाही म्हटलं गेलं की नातेवाइकांचा रोष तुमच्यावर येणार नाही.

रेशोचं. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं आणि आकडा मोठा आला तर वाईट, हे हजारो लोकांच्या सरासरीत खरं आहे, संशोधनात ते वापरतात. पण एका माणसाचा, ऑपरेशनला महिना झालेला असताना काढलेला ५ हा काय सांगतो? जखम भरतेय तर न्यूट्रोफिल वर. तोंडात थोडं इन्फेक्शन असेल तर वर. सूज उतरायला स्टिरॉइड दिलं असेल तर न्यूट्रोफिल वर आणि लिम्फोसाइट खाली, दोन्हीकडून रेशो फुगतो. आणि आता रेडिएशन सुरू झालं की लिम्फोसाइट आणखी खाली जाणारच, कारण शरीरात रेडिएशनला सर्वांत नाजूक पेशींपैकी त्या एक, म्हणजे दर आठवड्याला तुम्ही भागाकार करत बसलात तर दर आठवड्याला तुमची झोप उडेल आणि त्यातून करण्यासारखं काहीही निघणार नाही. कॅल्क्युलेटर ठेवून द्या. रक्ताच्या रिपोर्टमध्ये डॉक्टर बघतात ते वेगळ्या कारणाने, रेडिएशनबरोबर केमो असेल तर न्यूट्रोफिल फार खाली जातायत का, आणि तिथे मात्र तुम्ही जागं राहायचंय, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर सकाळची वाट न बघता, रात्री दोन वाजलेले असले तरी, फोन करून हॉस्पिटल गाठायचं. न्यूट्रोफिल नसताना ताप म्हणजे थांबायची वेळ नसते.

मानेतल्या गाठी. हा प्रश्न तुम्ही शेवटी शेवटी आणि घाईत विचारलाय पण मला तो सगळ्यात आवडला. शरीरातल्या एकूण लिम्फ नोडपैकी साधारण तिसरा हिस्सा एकट्या मानेत असतो, कारण तोंड-नाक-घसा हाच बाहेरच्या जगाचा मुख्य दरवाजा. आणि टी पेशी शिकतात त्या तिथेच. डेंड्रिटिक नावाच्या फांद्याफांद्यांच्या पेशी, राल्फ स्टाइनमन यांना १९७३ मध्ये सापडलेल्या, त्या कॅन्सरच्या गाठीतला तुकडा उचलतात, मानेतल्या नोडमध्ये नेतात आणि टी पेशींना दाखवतात की हे बघ, याला शोध. (स्टाइनमनना स्वतःला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, २०११ चं नोबेल जाहीर झालं त्याच्या तीनच दिवस आधी ते गेले, समितीला हे माहीत नव्हतं.) पण कॅन्सर पेशी निसटून पहिला मुक्काम करतात तोही याच नोडमध्ये. शाळा आणि चोराचा अड्डा एकाच इमारतीत, म्हणा. मग पाडायची का ठेवायची?

तोंडाच्या कॅन्सरपुरतं उत्तर मिळालंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी मोठी ट्रायल केली, २०१५ मध्ये छापून आली, सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट, मानेत हाताला गाठ लागत नाही असे, निम्म्यांच्या मानेतल्या नोड तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या आणि निम्म्यांच्या नंतर गाठ दिसली तरच काढल्या. तीन वर्षांनी आधीच काढलेल्यांत ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांत ६७.५. एवढा फरक असताना शाळा वाचवायचा हट्ट कोण धरणार? आणि मामांची प्रतिकारशक्ती गेलेली नाही, दुसऱ्या बाजूची मान आहे, बाकी शरीरभर नोड आहेत, आणि शिकून बाहेर पडलेल्या टी पेशी केव्हाच रक्तात फिरतायत. गेलं असेल तर त्या बाजूचं पाणी वाहून जायचा रस्ता, त्यामुळे हनुवटीखाली सूज राहू शकते, आणि ऑपरेशनमध्ये खांद्याची नस दुखावली असेल तर खांदाही जड होऊ शकतो, त्यासाठी फिजिओथेरपिस्टला लवकर गाठा, हे बऱ्याचदा राहून जातं आणि सहा महिन्यांनी हात वर जात नाही तेव्हा आठवतं.

इम्युनोथेरपी का देत नाहीत. पीडी-१ तासुकू होंजो यांच्या लॅबला १९९२ मध्ये सापडलं, जेम्स अॅलिसन यांनी दुसऱ्या एका ब्रेकवर काम केलं, दोघांना २०१८ चं नोबेल. त्या ब्रेकवरचा पाय काढणारी औषधं म्हणजे निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये ती आली २०१६ मध्ये, पण कोणासाठी, तर ज्यांचा कॅन्सर प्लॅटिनम केमोनंतर उलटलाय किंवा पसरलाय त्यांच्यासाठी. पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये, ३६१ पेशंट, वर्षभराने निवोलुमॅबवाले ३६ टक्के जिवंत होते आणि जुन्या औषधांवरचे १६.६ टक्के. दुपटीहून जास्त. पण गाठ खरोखर आकसली अशांचं प्रमाण फक्त १३.३ टक्के होतं, आणि हा आकडा जाहिरातीत कधी दिसत नाही. म्हणजे ब्रेक काढला तरी बहुतेकांच्या गाडीत दुसराच बिघाड असतो, पेशी आत शिरलेल्याच नसतात, नाहीतर आर्जिनिन संपलेलं, नाहीतर ओळखपत्र फेकलेलं, वर सांगितलं ते सगळं. २०१९ पासून पेम्ब्रोलिझुमॅब अशा उलटलेल्या-पसरलेल्या रोगात पहिलं औषध म्हणूनही देतात, आणि तिथे तो सीपीएस कामाला येतो, वीसच्या वर असेल तर नुसतं हेच औषध केमोशिवायही चालू शकतं, एक ते वीसच्या मधे असेल तर डॉक्टर बाकी परिस्थिती बघून केमो जोडायचं का ते ठरवतात. टाटा मेमोरियलच्याच विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हेही दाखवलं की निवोलुमॅबचा अगदी छोटा डोस, २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या कमी डोसच्या औषधांना जोडला तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर जातं. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा असतो, आता बोला.

पण मामांचा रोग उलटलेला नाही, पसरलेला नाही, ऑपरेशनने काढलाय. अशांसाठी चित्र २०२५ मध्येच बदलायला लागलंय. ७१४ पेशंटांच्या एका ट्रायलमध्ये ऑपरेशनच्या आधी पेम्ब्रोलिझुमॅबचे दोन डोस आणि नंतर रेडिएशनबरोबर पुढचे दिले, तर रोग उलटल्याशिवाय किंवा इतर काही बिघडल्याशिवाय गेलेला काळ साधारण ३० महिन्यांवरून ५२ महिन्यांवर गेला. आधीच देण्यामागे कल्पना हीच, की गाठ आणि मानेतली शाळा दोन्ही जागेवर आहेत तोवर टी पेशींना शिकून घेऊ दे. ती वेळ मामांची निघून गेलीय, आणि ऑपरेशन झालं तेव्हा ते चुकलं असंही नाही, आधी देणं ही अगदी ताजी गोष्ट आहे. ऑपरेशननंतर ज्यांना जास्त धोका आहे त्यांना रेडिएशन-केमोबरोबर निवोलुमॅब जोडायची एक ट्रायलही त्याच वर्षी फायद्याच्या बाजूने गेली, याबद्दल तुम्ही जरूर विचारा. मात्र ऑपरेशन न करता रेडिएशन-केमोबरोबर या गटातली औषधं दिली त्या दोन मोठ्या ट्रायल फसल्या, फायदा सिद्ध झाला नाही. का फसल्या यावर भांडणं चालू आहेत, एक गट म्हणतो की दोन्ही बाजूंच्या मानेला रेडिएशन देऊन आपण शाळाच जाळली, मला त्यात तथ्य वाटतं, पण ते माझं वाटणं झालं.

आणि ब्रेक काढला की तो सगळीकडचा निघतो हे विसरू नका. थायरॉइड बंद पडणं, आतड्याला सूज, फुफ्फुसाला सूज, लिव्हर, त्वचा, कधी औषध थांबल्यावर महिन्यांनी सुद्धा. मामांना आधीपासून संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार असेल तर ते आधी सांगायचं.

आता तुम्ही रिपोर्ट वाचताच आहात तर लिम्फोसाइटची ओळ सोडा आणि दुसऱ्या तीन ओळी शोधा, मामांचं पुढचं त्यांच्यावर ठरणार आहे. मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर लागलाय का. खोली किती मिलिमीटर. आणि नोडमध्ये कॅन्सर निघाला असेल तर तो नोडचं कवच फोडून बाहेर आलाय का. मार्जिनला लागलेला किंवा कवच फोडलेला असेल तर रेडिएशनला केमो जोडतात, नाहीतर बहुधा नुसतं रेडिएशन. जास्त धोका हा शब्द वर आला तो मुख्यतः याच दोन ओळींवरून, मार्जिन आणि कवच, ठरतो, तेव्हा निवोलुमॅबचं विचारायचं तेही यांच्याकडे बोट ठेवून विचारा. रेडिएशन सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घेतले का ते बघा, काढायचा दात आधी काढावा लागतो, नंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. आणि तंबाखू पूर्ण बंद आहे ना? ऑपरेशननंतर महिनाभर बंद आणि मग गुपचूप थोडी, असं फार बघितलंय, धूर असो की चघळायची, रेडिएशन चालू असताना तर अजिबात नको, ती न भरणारी जखम आपणच रोज उघडी ठेवल्यासारखं होतं.

बाकी मामीसाठी, तुम्ही लिहिलंय की त्या रडतात आणि स्वतःला दोष देतात. त्यांना हे सगळं वाचून दाखवा हवं तर, नोबेलचे भाग गाळून. जखमेचा भाग त्यांना लगेच कळेल.